‘टायडी’ शब्दाची कुळकथा

आपल्या मंडळाची स्मरणिका निघायची म्हटली की कोणी पाककृती देते, कोणी सहलीचे वर्णन लिहिते, कोणी हळदीकुंकवाची आठवण सांगते. यंदा चिटणीसबाईंचा मला दोनदा निरोप आला. मी म्हटले, “अहो, माझी शाळा सातवीत सुटली, मी काय लिहिणार?” त्या म्हणाल्या, “गेले वर्षभर ज्या शब्दाच्या मागे लागला आहात, त्याच्यावरच लिहा की!” तेव्हा भगिनींनो, हा लेख म्हणजे एका इंग्रजी शब्दाची हकीकत आहे. तो शब्द म्हणजे ‘टायडी’. इंग्रजी न शिकलेल्या बाईने इंग्रजी शब्दाबद्दल लिहावे हे काही जणींना धाडसाचे वाटेल. पण ज्याच्यापायी आपण रडलो, त्याचे कूळ विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, असे मला वाटते.

झाले असे. धाकटी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. एके दिवशी तिने वही पुढे केली आणि म्हणाली, “आई, इथे सही कर.” खाली तांबड्या शाईत काही लिहिले होते. मला इंग्रजी छापील अक्षरे लागतात, पण हाताने जोडून लिहिलेले लागत नाही. मी विचारले, “काय लिहिलंय गं बाईंनी?” ती म्हणाली, “चांगलं लिहिलंय. टायडी म्हणजे नीटनेटकं.” मी कौतुकाने सही केली. इतकेच नव्हे, शेजारच्या वहिनींना वही दाखवलीसुद्धा. पुढे पालकसभेला गेले तेव्हा चार बायांसमोर कळले की शब्द ‘टायडी’ नव्हता, ‘अनटायडी’ होता. आधीची दोन अक्षरे पोरीने गिळली होती. घरी येऊन मी तिच्या पाठीत धपाटा घातला. खोटे बोलली म्हणून घातला, की मला वाचता आले नाही म्हणून घातला, ते अजून माझे मला ठरवता आलेले नाही.

तर हा ‘टायडी’ आला कोठून? आपल्या मंडळात ज्या निवृत्त शिक्षिकाबाई आहेत, त्यांनी त्यांच्याकडचा जाडजूड इंग्रजी कोश काढला आणि दोन दुपारी बसून मला शब्दाची उत्पत्ती वाचून दाखवली. मुलीनेही मोबाइलवर शोधून दिले. त्यातून जे उमगले ते असे.

फार जुन्या इंग्रजीत ‘टीड’ असा शब्द होता. त्याचा अर्थ वेळ, घटका, ऋतू. जर्मन लोक आजही वेळेला ‘त्साइट’ म्हणतात, तो याच घराण्यातला. इंग्रजीतला ‘टाइम’ हाही त्याचा भाऊबंद. त्या ‘टीड’चा पुढे ‘टाइड’ झाला आणि त्याच्यापासून सात-आठशे वर्षांपूर्वी ‘टायडी’ निघाला. तेव्हा त्याचा अर्थ होता, वेळेवरचा, हंगामातला. पीक हंगामात आले, गुरे-वासरे अंगाने भरली, की इंग्रज शेतकरी त्यांना टायडी म्हणत असे. आपण म्हणतो ना, “यंदा वाल वेळेवर आले, दाणाही भरला”, तसे. त्यात केर-कचऱ्याचा, घड्यांचा, रांगेने लावलेल्या डब्यांचा काही संबंध नव्हता. पुढे चांगले, ठाकठीक ते सारे टायडी झाले. घर आणि माणूस नीटनेटके या अर्थाने तो शब्द वापरू लागले ते बरेच उशिरा, इसवी सन 1700 नंतर. जुन्या अर्थाच्या खुणा मात्र अजून शिल्लक आहेत. बरीच घसघशीत रक्कम हाती आली की इंग्रज तिला ‘टायडी सम’ म्हणतात. नोटांच्या घड्या नीट घातल्या आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. आणि वेल्स नावाच्या मुलखात तर कोणत्याही चांगल्या गोष्टीला लोक नुसते ‘टायडी!’ म्हणतात.

येथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत ‘नीट’ आणि आपल्याकडेही ‘नीट’. मला वाटले होते, इंग्रजांनी आमचा शब्द उचलला किंवा आम्ही त्यांचा. पण तसे नाही. त्यांचा ‘नीट’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. मूळ अर्थ चकचकीत, लखलखणारा. आमचा ‘नीट’ इंग्रजी राज्याच्या आधीपासूनचा. त्यात चकाकी नाही, सरळपणा आहे. ‘नीट जा’, ‘नीट बोल’, ‘नीट बघ’. दोघांची गाठ योगायोगाने पडली, आणि आता दोन्ही एकत्र नांदून ‘नीट अँड क्लीन’ असा बोलीतला जोड तयार झाला आहे. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे नावही नीट! असो.

आता ‘टाइड’कडे वळते, कारण तो आपल्या वसईकरांचा विषय आहे. ‘टाइड’ म्हणजे समुद्राची भरती-ओहोटी, हे आज शाळेतली मुलेही सांगतील. परंतु हा अर्थ नंतरचा. समुद्राचे पाणी ठरल्या वेळेला चढते आणि ठरल्या वेळेला उतरते, म्हणून वेळेचा शब्द पाण्याला लागला. ‘टाइम अँड टाइड’ कोणासाठी थांबत नाहीत, या म्हणीतल्या टाइडलाही आपण भरती समजतो, पण मुळात तोही काळच. ख्रिसमसच्या दिवसांना ‘ख्रिसमसटाइड’ आणि सांजवेळेला ‘इव्हनटाइड’ म्हणतात त्यात समुद्र कोठे आहे? (धुण्याच्या पावडरीचे ‘टाइड’ हे नाव अमेरिकेतल्या कंपनीने 1946 साली ठेवले. ते भरतीवरूनच आहे म्हणायचे.)

हे ऐकून शिक्षिकाबाई एकदम हसल्या. म्हणाल्या, “अगं, संस्कृतात ‘वेला’ म्हणजे काय ठाऊक आहे का? समुद्राचा काठ, भरती, मर्यादा आणि काळ, सगळे अर्थ त्या एका शब्दाचे. आपली ‘वेळ’ त्याच्यातूनच आली.” मी चाटच पडले. हजारो मैलांवर दोन भाषा, एकमेकींना न विचारता, समुद्राच्या पाण्याला आणि वेळेला एकच नाव देऊन बसल्या. आणि ज्या घरात सारे वेळच्या वेळी होते, ते घर टायडी.

ही गोष्ट मला आपल्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींकडून अधिक समजली. त्या कधी सकाळी नऊला येतात, कधी बाराला, कधी दुपार उलटल्यावर. एकदा मी कुरकुरले, “मावशी, तुमची काही एक वेळ नाही!” त्या टोपली उतरवत म्हणाल्या, “पाणी माझ्यासाठी थांबतंय का, बाय?” मग त्यांनीच मला हिशेब शिकवला. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. जो आकडा येईल तितक्या वाजता आपल्या किनाऱ्याला साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि ती उधाणाची. अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढणारी. दर दिवशी पाणी पाऊण तास, पन्नास मिनिटे मागे सरते. म्हणजे अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव येथल्या बायकांचे घड्याळ रोज थोडे पुढे ढकललेले असते. त्यांचा स्वयंपाक, झाडलोट, मुलांची अंघोळ सारे त्या सरकत्या घड्याळावर. आपण मात्र त्यांच्या अंगणातली जाळी आणि सुकत घातलेली मासळी बघून ‘पसारा’ म्हणून नाक मुरडतो. जुन्या इंग्रजी अर्थाने बघितले तर वसई तालुक्यात त्यांच्याइतके टायडी कोणी नसेल.

ओहोटीच्या वेळी खाडीकाठी होड्या चिखलात बसलेल्या आपण सर्वजणींनी पाहिल्या आहेत. इंग्लंडातल्या ब्रिस्टल बंदरातही तसेच होत असे. तेथे भरती-ओहोटीचा फरक मोठा. पाणी उतरले की गलबते चिखलात कलंडत. म्हणून त्यावरचे सामान पक्के बांधून जागच्या जागी ठेवावे लागे. ‘शिपशेप’ या, टायडीच्याच अर्थाच्या, दुसऱ्या शब्दाला इंग्रज लोक ब्रिस्टलचे नाव जोडतात ते त्यामुळेच, असे सांगतात.

आपल्या वसईत वेळ सांगणारे समुद्रानंतरचे दुसरे साधन म्हणजे घंटा. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षे किल्ल्यातल्या चर्चांच्या घंटा प्रार्थनेची वेळ सांगत. विजयानंतर त्यांतल्या काही घंटा देवळांना गेल्या. भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीची मोठी घंटा वसईकडची मानतात. मागे सहलीला गेलो तेव्हा भीमाशंकरच्या घंटेखाली आपण सगळ्याजणींनी फोटो काढला, पण ती आपल्या गावची माहेरवाशीण आहे हे तेव्हा आपल्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. पश्चिम पट्ट्यातल्या गावांतून चर्चची घंटा आजही ऐकू येते. माझ्या ओळखीच्या एक ख्रिस्ती काकी संध्याकाळच्या घंटेला हातातले काम ठेवतात म्हणजे ठेवतात.

पोर्तुगीज गेले, पण घर आवरण्याची साधने आमच्या तोंडी ठेवून गेले. बादली, पिंप, घमेले, चावी, बिजागरी, अलमारी हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. मला हे कळले त्या दिवशी मी मोरीत उभी राहून मोजले. बादली त्यांची, पिंप त्यांचे, आणि केरसुणी, पोतेरे, सूप आपले. म्हणजे पाणी साठवायचे आणि कुलपात ठेवायचे शब्द परक्यांचे, झाडायचे-पुसायचे आपले. पोर्तुगीजांनी आपल्याला ‘टायडी’सारखा शेरा मात्र दिला नाही, किंवा दिला असेल तर तो टिकला नाही. तो इंग्रजांबरोबर आला. 1802 सालच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथेच, वसईस. आणि 1818 साली पेशवाईच संपली. पुढे मोल्सवर्थ आणि कँडी या साहेबांनी मराठीचे मोठे कोश केले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालचा, इंग्रजी-मराठी 1847 सालचा. साहेबाच्या शब्दापुढे मराठी शब्द मांडून ठेवण्याचे ते काम. त्यानंतर साहेबी शाळा, साहेबी कचेऱ्या, आणि घर कसे असावे याबद्दलचे साहेबी मतही हळूहळू आले.

पण वसई-विरारच्या बाईला खरे ‘टायडी’ केले ते आगगाडीने. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुरू झाली. दिवसाला जाण्याची एक आणि येण्याची एक. ती चुकली की दिवस गेला. वसईची केळी, पाने, फुले, भाजी, दूध मुंबईच्या बाजारात जाऊ लागले, तसे घरातल्या बाईचे उठणे गाडीच्या वेळेवर आले. त्यातही घोळ होता. 1906 पासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली, पण मुंबई शहराने आपली ‘मुंबई टाइम’ सोडली नाही; ती एकोणचाळीस मिनिटे मागे असे. शहरात ती पुढे कित्येक वर्षे चालली. म्हणजे गाडी एका वेळेवर सुटणार आणि शहरातली कितीतरी घड्याळे दुसरीच वेळ दाखवणार! विरारपर्यंत विजेची गाडी आली 1936 साली. आणि 1992 साली चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी निघाली, ती पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. त्या गाडीत मेथी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या बायका सर्वांनी पाहिल्या आहेत. डब्यात देठांचा कचरा पडतो खरा. पण घरी पोचल्याबरोबर भाजी फोडणीला पडते. याला टायडी म्हणायचे की अनटायडी, हे ज्याने त्याने शब्दाच्या वयावरून ठरवावे.

मराठीतला आपला रोजचा शब्द ‘आवरणे’. त्याच्याकडे इतकी वर्षे माझे लक्षच गेले नव्हते. घर आवर, केस आवर, पसारा आवर, हे एक. राग आवर, तोंड आवर, रडू आवर, हे दुसरे. आणि “अजून आवरलं नाही का? आवर लवकर!” हे तिसरे, त्यात वेळ आली. एकाच शब्दात झाडणे, दाबणे आणि घाई. पुरुषाला आपण “आवरा लवकर” म्हणतो तेव्हा त्याने फक्त कपडे चढवायचे असतात. बाईला म्हटले तर तिने ओटा पुसायचा, डबा भरायचा, मुलाच्या बुटाची नाडी बांधायची, आलेला राग गिळायचा आणि वर गाडीही गाठायची. ‘टायडी’त हे सगळे मावत नाही. या एका बाबतीत आपली भाषा वरचढ आहे, की आपल्यावर जास्त ओझे टाकते, ते मंडळात एकदा बोलावे.

विणकामवर्गाच्या भगिनींसाठी एक माहिती. ‘टायडी’ नावाची एक वस्तूही असे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या विणलेल्या जाळीदार रुमालाला ‘टायडी’ म्हणत. त्या काळी पुरुष डोक्याला भरपूर तेल चोपडत आणि ते खुर्चीला लागे, म्हणून हा रुमाल. आपल्याकडे रेडिओवर, टीव्हीवर, सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल टाकायची पद्धत होती, त्याची ही मावसबहीणच. माझ्या सासूबाईंनी विणलेला असा एक रुमाल आमच्याकडे आहे. सोफा गेला, टीव्ही भिंतीवर गेला. आता रुमाल पिठाच्या डब्यावर असतो.

राहता राहिला ‘अनटायडी’. त्या दिवशी कोश वाचताना शिक्षिकाबाई एका ओळीवर थांबल्या आणि चष्मा सारखा करून मला म्हणाल्या, “हे ऐक.” ‘अनटायडी’चा सर्वांत जुना अर्थ अस्ताव्यस्त नव्हे. त्याचा अर्थ अवेळी. जे त्याच्या वेळेला झाले नाही ते अनटायडी.

माझ्या डोळ्यांसमोर ती वही आली. आमच्या इमारतीत त्या वर्षी पाणी एक दिवसाआड येई, संध्याकाळी सात ते आठ. धरणे काय, सूर्या आहे, उसगाव आहे, पेल्हार आहे. नावे मोठी आहेत, पण आमच्या नळाला तास एक. त्या तासात पिंप, बादल्या, हंडे, कपडे, सारे. मोठा मुलगा क्लासला, हे गाडीत. धाकटी माझ्या हाताखाली. पाइप धरायचा, तांब्याने भरायचे, मधेच ओट्यावर वही ठेवून दोन ओळी लिहायच्या. ओल्या हाताचे डाग, पुसलेली शाई, वाकड्या ओळी. पानावर जे होते ते बाईंनी बरोबर वाचले होते. मीच वाचले नव्हते, आणि तेही केवळ अक्षर लागत नव्हते म्हणून नाही. त्या रात्री मी तिला जवळ घेतले. धपाट्याबद्दल काही बोलता आले नाही. केस विंचरून दिले.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या तासाला तिला हाताखाली घ्यायचे नाही, असे मी ठरवले. मोठ्याला सांगितले, क्लासची वेळ बदल. तो आठ दिवस फुगून बसला. यांनी म्हटले, “अगं, तो मुलगा आहे, त्याची दहावी आहे.” मी म्हटले, “बादली उचलायला दहावी आड येत नाही.” यावरून घरात जे झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही; पण आता पाइप तो धरतो.

पुढच्या पालकसभेला मी मनाशी ठरवून गेले होते की शब्दाची ही सारी कुळकथा त्या वर्गशिक्षिकाबाईंना सांगायची. रिक्षेत बसून दोनदा घोकली. पण तिथे पन्नास पालकांची रांग, बाई घामाघूम, त्यांचीही विरार गाडी असणार. माझा नंबर आल्यावर जीभ टाळ्याला चिकटली. बाईंनी वही पुढे केली. अक्षर सुरेख, समास आखलेले, कोठे डाग नाही. खाली तांबड्या शाईत एकच शब्द होता. वर्षभरात निदान एवढे आले आहे की जोडाक्षरी इंग्रजी मी आता हळूहळू लावते. मी लावला. मुलीने अक्षर घोटता घोटता वही एक दिवस उशिरा दिली होती. शब्द होता ‘लेट’.

मी वाचून सही केली.